एकवीस सप्टेंबरच्या सभेची दुरुस्ती

अवसरी खुर्द,
८ जानेवारी २००६

प्रिय तेजस्विनी,

सप्रेम नमस्कार.

अक्षर ओळखलंस ना? नसेल ओळखलं तर पाकिटाच्या मागे नाव आहे. आणि ते नाव वाचून पाकीट न फोडताच परत पाठवावं असं मनात आलं असेल, तर तेही तुझ्याच हातात आहे. शिनोलीच्या पोस्टाची तू पोस्टमास्तर झालीस हे आपल्या सभेतल्या रत्नदीपकडून कळलं तेव्हा मी एकटीच हसले. म्हणजे हे पत्र आलं म्हणून शिक्का मारणारी तूच आणि ते घेणारीही तूच. तक्रार करायची सोय नाही.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात, तरी पहाटे गोठ्यात जायचं सोडत नाही. दादानं यंदा कांदा लावला आहे आणि रोज एकदा तरी पश्चात्ताप करतो. मी पाच वर्षं झाली, आपल्याच कॉलेजात मराठी शिकवते. ज्या बाकांवर बसून आपण भोर सरांची नक्कल करायचो, त्याच बाकांवर बसून आता पोरं माझी करतात. चांगली करतात. मागच्या आठवड्यात मी दाराबाहेर उभी राहून ऐकली आणि माझी मान इतकी हलते हे मला पहिल्यांदा समजलं.

निबंध सभा अजून चालू आहे, हे मात्र तुला मुद्दाम सांगते. दर शनिवारी चार वाजता. सरांनी घालून दिलेला एकही नियम बदललेला नाही. निबंध उभं राहून वाचायचा. हरकती संपेपर्यंत वाचणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. सभेच्या सुरुवातीला चिटणिसानं मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायचं, अध्यक्षांनी 'कोणाची हरकत?' असं विचारायचं, आणि सभेनं 'कायम' म्हटल्यावरच सही. आठवतं, सर काय सांगायचे? एकोणिसाव्या शतकातली मुंबई-पुण्याची कॉलेजातली पोरं अशाच सभा भरवायची. वय अठरा-एकोणीस, अंगावर उपरणं, डोक्यात जग बदलायची घाई. निबंध वाचायचे, भांडायचे, मुलींच्या शाळा काढून पगार न घेता तिथे शिकवायचे, आणि सगळ्याची टिपणं ठेवायचे. 'त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं,' असं सर म्हणायचे, आणि मग माझ्याकडे, म्हणजे चिटणिसाकडे, बघायचे.

आता कामाचं बोलते. मार्चमध्ये कॉलेजची श्रेणी ठरवायला नॅकची समिती येणार आहे. त्यामुळे सध्या आमच्याकडे लग्नघर झालं आहे. भिंती रंगवून झाल्या, न उघडणारी कपाटं उघडली, दहा वर्षांत कोणी न मागितलेल्या फायली सगळे एकमेकांना मागत आहेत. प्राचार्यांनी मला निबंध सभेचा फलक करायला सांगितला. जुन्या सभा, जुनी छायाचित्रं, मिळालेली बक्षिसं. त्यात माझं पुण्याचं ते शहाण्णव सालचं बक्षीसही आहे, ते असो. त्यासाठी मी जुन्या वह्या काढल्या. लाल कापडाच्या पाठीची शहाण्णवची वही हाती आली आणि मी ती घरी घेऊन आले.

एकवीस सप्टेंबरचं पान मी किती वेळा वाचलं हे सांगत नाही. तुला तोंडपाठ असेल. 'कु. अश्विनी हिंगे यांनी एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थ्यांच्या सभा या विषयावर निबंध वाचला. निबंध सर्वांना आवडला. नंतर झालेल्या चर्चेत विद्यार्थ्यांनी उत्साहाने भाग घेतला. आभारानंतर सभा संपली.' खाली माझी सही, चिटणीस म्हणून. निबंध वाचणारीही मी, तो सर्वांना आवडला असं लिहिणारीही मी. आपलाच चेंडू, आपलीच फळी.

त्या दिवशी खरं काय झालं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी निबंधात लिहिलं होतं की त्या सभांमध्ये सगळा समाज एकत्र आला. वाक्य वाचताना मला स्वतःलाच फार छान वाटलं होतं. तू उठलीस. तुझी हरकत पाच मिनिटांत संपली असती तर मी विसरलेही असते, पण तू पंधरा मिनिटं बोललीस, एकदाही आवाज न चढवता. तू म्हणालीस, 'त्या मुलांनी मोठं काम केलं, माझ्या मनात आदर आहे. पण अश्विनी म्हणते तो सगळा समाज त्या खोलीत नव्हता. माझ्या पणज्याच्या आज्याला तेव्हा चावडीच्या पायरीवर चढू देत नव्हते. तरी त्या खोलीत सतरंजी कोणीतरी टाकली असेल, दिवे कोणीतरी लावले असतील. तो माणूस काम आटोपून दारापाशी थांबला असेल, त्यानंही निबंध ऐकला असेल. त्याला काय वाटलं? त्याचं नाव कुठल्या टिपणात आहे? ही गोष्ट दारापासूनही लिहायला हवी.'

मग सरांनी हात वर करायला सांगितले आणि सभेनं तुझी हरकत मान्य केली. माझ्या बाजूनं एकच हात होता, तोही माझा.

पुढच्या शनिवारी मी इतिवृत्त वाचलं. सर आजारी होते म्हणून सभेतलाच कोणीतरी अध्यक्ष होता, त्यानं घाईघाईनं विचारलं, 'कोणाची हरकत?' तू दुसऱ्या बाकावर होतीस. माझ्याकडे बघत होतीस. तू काही बोलली नाहीस. मी 'कायम' असं लिहिलं आणि सही केली. त्यानंतर तू वर्गात आलीस, परीक्षा दिलीस, पण शनिवारी कधी आली नाहीस, आणि माझ्याशी बोललीही नाहीस.

मला लाज वाटते, तेजू. हरल्याचा राग आला होता आणि वही माझ्या हातात होती, एवढंच त्याचं कारण. तू घरची अडचण सांगून शनिवारचं सोडलंस असं मी सगळ्यांना सांगत राहिले.

ती नोंद मला दुरुस्त करायची आहे. फलकावर जाण्याआधी. तू कॉलेजात ये, आपण दोघी मिळून पान नीट लिहू, मी सही करते. एवढंच. तुझ्या आईला नमस्कार सांग. त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा मी विसरलेले नाही.

तुझी,
अश्विनी

*

शिनोली,
१६ जानेवारी २००६

प्रिय अश्विनी,

सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. शिक्का मी नीट मारला, या पत्रावरचाही बघून घे, तारीख स्वच्छ असेल. आमच्याकडे कामात ढिलाई नसते. आई बरी आहे. भाकरीची आठवण ठेवलीस हे तिला सांगितलं तर म्हणाली, "आठवन हाय तर यायला काय झालं व्हतं? रस्ता काय वाहून गेला व्हता का?" तिचं उत्तर तूच दे.

तू प्राध्यापक झालीस याचं मला वाईट वाटत नाही. तू चांगलं शिकवतेस असं रत्नदीपच्या पुतणीकडून ऐकलं. मान हलवतेस हेही ऐकलं.

आता दुरुस्तीचं. दोघींनी मिळून पान लिहायचं म्हणजे एकटीनं लिहिलेल्या पानाऐवजी दोघींनी लिहिलेलं पान. ते मला नको. सरांच्या घटनेतलं कलम अकरा काढून वाच. कायम झालेलं इतिवृत्त बदलायचं असेल तर ते भर सभेत बदलायचं, आणि त्या सभेला हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं पुन्हा हजर हवीत. ती घटना पाठ करायला तूच आम्हाला लावली होतीस. तेव्हा माणसं गोळा कर. मी येणार नाही. ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं, मी समोर बसून तुला सोपं किंवा अवघड करणार नाही.

मी तेव्हा हरकत का घेतली नाही असं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्रात ते जागोजागी आहे. मी वाट बघत होते. वाटलं, वाचता वाचता तुझी तूच थांबशील.

अजून एक. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पुण्याच्या बक्षिसाशी आल्यावर तू 'ते असो' म्हणून पुढे गेलीस. तो निबंध कॉलेजच्या वार्षिकात छापून आला होता, अश्विनी. मी वार्षिक वाचते.

जागा संपली. आंतरदेशीय पत्रात एवढंच मावतं.

तेजस्विनी

*

अवसरी खुर्द,
५ फेब्रुवारी २००६

प्रिय तेजू,

काल शनिवार होता. सभा झाली. तुला सगळं क्रमानं सांगते, कारण वेडंवाकडं सांगितलं तर तू पुन्हा कलम दाखवशील.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी रागावलेली होते. तिसऱ्या दिवशी घटना काढली. कलम अकरा खरंच आहे. त्या सभेला हजेरी तेवीस, म्हणजे मला बारा माणसं हवी होती. सर म्हणाले, त्यात अध्यक्ष मोजायचा नाही. सर आता घोडेगावला असतात, सत्तरी ओलांडली, पेरूच्या झाडांना पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. पाण्याचा पाइप दुसऱ्या आळ्यात टाकत ते म्हणाले, "त्या शनिवारी मी आजारी पडायला नको होतं. चार वाजता सुरू करू. साडेचारपर्यंत बारा झाले नाहीत तर सभा तहकूब." काही फरक नाही माणसात.

मग मी माणसं शोधायला निघाले. सांगते, नॅकची समिती याच्यापुढे काहीच नाही. राकेश बेल्ह्याला जनावरांच्या बाजारात व्यापार करतो. सोमवारी त्याला गाठायला गेले तर तो एका खोंडाचे दात बघत होता. मी इतिवृत्ताचं सांगायला लागले, तर तो खोंडाचं तोंड तसंच धरून म्हणाला, "तुमी त्येवढ्यासाठी हितवर आलात? तेजूचं ना? लई बोलली व्हती राव ती. येतो मी." समोरचं गिऱ्हाईक बिचारं थांबून राहिलं. वैष्णवी नारायणगावला असते, दोन पोरांना घेऊन येते म्हणाली. कोणी चाकणच्या कंपनीत, कोणी पतसंस्थेत. चौघांचा पत्ता लागला नाही, दोघे आता नाहीत, आणि काही जण 'बघतो' म्हणाले, म्हणजे आलेच नाहीत. हनुमंत नक्की येणार होता, बारावा तोच. दुपारी तीनला त्याचा फोन आला की ऊसतोडीची टोळी आजच फडात उतरली, निघता येत नाही.

चार वाजता माझ्यासकट अकरा होते. शिवाय माझे आत्ताचे बावीस विद्यार्थी, कारण सभा त्यांचीही आहे. त्यांच्यासमोर वाचायचं हे मला आधी सुचलं नव्हतं. सुचल्यावरही त्यांना बाहेर बसवावं असं एकदाही मनात आलं नाही. त्याबद्दल थोडी शाबासकी दे.

सर खुर्चीत बसले, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सव्वाचार झाले. राकेश म्हणाला, "सर, अकरा काय अन् बारा काय, आता बसलोच हाये तर करून टाका." सर म्हणाले, "अकरा म्हणजे बारा नव्हे. बाजारात चालेल, इथे नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चिटणीस, हजेरी वाचा. त्या दिवसाची. सगळी."

मी वाचायला लागले. एक, दोन, तीन. बावीस सह्या झाल्या. तेविसावी सही नव्हती. जांभळ्या शाईचा अंगठा होता, आणि शेजारी सरांच्या अक्षरात नाव. सखूबाई.

तेजू, मी मोजताना तेवीस मोजले होते आणि फोन करताना बावीस नावांची यादी केली होती. पंधरा दिवस ती यादी माझ्या पर्समध्ये होती. बेल्ह्यापर्यंत जाऊन आले, आणि सभेला चहा देणाऱ्या, कॉलेजच्या मागच्या वस्तीत राहणाऱ्या सखूबाई मला आठवल्या नाहीत. त्या दिवशी तुझं बोलणं संपल्यावर सरांनी दारातून त्यांना आत बोलावलं, बाकावर बसवलं आणि हजेरीला त्यांचा अंगठा घेतला, ते तुझ्या हरकतीमुळे. मी इतिवृत्तातून तुझी हरकत काढून टाकली, पण हजेरीचं पान काही माझ्या हातात नव्हतं. आणि साडेनऊ वर्षांनी तीच चूक दुरुस्त करायला निघाले तर दारातल्या बाईला पुन्हा विसरले. मी हे सगळ्यांना तिथेच सांगितलं. रत्नदीप उठला, मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज आला, आणि चार पंचवीसला तो सखूबाईंना घेऊन दारात हजर.

त्या आता खूप वाकल्या आहेत. दारातच थांबल्या. सर खुर्चीतून उठले, "या, तुमच्यावाचून सभा अडली आहे" म्हणाले. सखूबाई पहिल्या बाकावर येऊन बसल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "काय करायचं व्हतं?"

मी जुनं इतिवृत्त वाचलं. मग म्हणाले की हे खोटं आहे, आणि मी लिहिलं आहे. त्या दिवशी काय झालं ते ज्यांनी ऐकलं त्यांनी सांगावं. प्रत्येकाला थोडं थोडं आठवत होतं. वैष्णवीला चावडीची पायरी आठवत होती. रत्नदीपला हात वर झाल्याचं. राकेश म्हणाला, पोरगी बोलत व्हती तेव्हा आपल्याला बसबी सोडावी वाटली, आणि त्यानं खरंच साडेपाचची गाडी सोडली होती. मग सर सखूबाईंना म्हणाले, तुम्हाला काही आठवतं का?

त्या म्हणाल्या, "आमी काय शिकल्यालं न्हाई, पर ऐकल्यालं इसरत न्हाई. ती म्हनली, त्या पोरांनी चांगलं काम केलं, त्येंला नावं ठेवायची न्हाईत. पर सतरंज्या कोन टाकीत व्हतं, दिवं कोन लावीत व्हतं, त्येबी ऐकत व्हतं का न्हाई? मंग त्येचं नाव लिवा. माज्याकडं बघून न्हाई म्हनली ती. मी आपली चहाचं कप गोळा करत व्हते. पर मला वाटलं, कुनीतरी म्हनलं बाई."

माझी विद्यार्थीण द्रौपदा सध्याची चिटणीस आहे. ती हे सगळं लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबली आणि तिनं सखूबाईंना विचारलं, "मावशी, 'कुनीतरी म्हनलं बाई' हेपण लिहू का?" सखूबाई म्हणाल्या, "लिव की."

दुरुस्ती मंजूर झाली. बाराच्या बारा हात. सरांनी विचारलं, "अजून काही?"

आता त्या 'ते असो'चं सांगते. मी उभीच होते, बसले नाही. म्हणाले की नोव्हेंबर शहाण्णवला पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं, तो निबंध दारापाशी उभ्या असलेल्या श्रोत्याबद्दल होता. तो श्रोता मला सुचलेला नाही. तो तेजस्विनी रोकडेनं या खोलीत पंधरा मिनिटांत उभा केला होता. मी त्याला उदाहरणं जोडली, चांगली भाषा दिली आणि माझं नाव दिलं. त्या बक्षिसामुळे पुण्याच्या एका बाईंनी मला एम.ए.ला बोलावून घेतलं, त्यामुळे मी आज या खोलीत शिकवते. इतिवृत्तात मी हरल्याचं लपवलं असं मी स्वतःलाही सांगत आले. तसं नव्हतं, तेजू. हरकत वहीत राहिली असती तर तो निबंध मला माझा म्हणून पुण्याला नेता आला नसता. इतिवृत्त लिहायला बसले तेव्हाच माझ्या डोक्यात पुण्याचा निबंध होता. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बावीस पोरं माझ्याकडे बघत होती.

राकेश म्हणाला, "आमाला म्हाईत व्हतं की."

मी विचारलं, "कसं?" तो म्हणाला, "वार्षिकात छापून आलं व्हतं. समद्यांनी वाचलं." वैष्णवीनं मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि मी साडेनऊ वर्षं उघडी मूठ घट्ट दाबून हिंडत होते. मी विचारलं, मग कोणी बोललं का नाही? रत्नदीप म्हणाला, "तेजूनं बोलू दिलं न्हाई. म्हनली, तिचं तिनं सांगायचं. न्हाईतर त्येला काय अर्थ ऱ्हातो?"

तेव्हा मात्र मला रडू आलं. दुःखानं नाही, खरंच नाही. तू माझ्यावर इतका विश्वास टाकून बसली होतीस, आणि एवढ्या लोकांना गप्प बसवण्याइतका तुझा शब्द चालत होता, याचा मला इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना. पोस्टमास्तर नाही, तू कलेक्टर व्हायला हवी होतीस. पण शिनोलीचं नशीब.

दुरुस्त झालेली नोंद खाली उतरवून देते. द्रौपदाच्या हातची आहे, मी एक शब्दही हलवलेला नाही.

'दि. २१ सप्टेंबर १९९६. कु. अश्विनी हिंगे यांनी निबंध वाचला. कु. तेजस्विनी रोकडे, तृतीय वर्ष, यांनी हरकत घेतली की सभांच्या इतिहासात दारापाशी थांबून ऐकणाऱ्याचे नाव नाही, आणि तो इतिहास दारापासूनही लिहिला पाहिजे. सभेने हरकत मान्य केली व निबंधातील विधान अमान्य केले. या हरकतीवरून अध्यक्षांनी सखूबाई यांना सभेत बसवून त्यांची हजेरी घेतली. सखूबाई यांचे म्हणणे: कुनीतरी म्हनलं बाई. चिटणिसांनी त्या वेळी हे लिहिले नाही. नोव्हेंबर १९९६ च्या पुणे येथील स्पर्धेत पहिले आलेल्या निबंधाचा मूळ विचार कु. रोकडे यांचा होता, असे चिटणिसांनी दि. ४ फेब्रुवारी २००६ रोजी सभेपुढे स्वतः सांगितले. बारा हजर. कायम.'

खाली अकरा सह्या आणि एक अंगठा. त्या अकरांतली एक माझी.

सोमवारी ही वही मी प्राचार्यांपुढे ठेवणार आहे. ते म्हणतील, नॅकच्या तोंडावर हे कशाला. मी काय म्हणणार ते ठरलं आहे. आमच्या सभेत शिनोलीची एकोणीस वर्षांची मुलगी उठली आणि तिनं असा प्रश्न विचारला की दारातल्या बाईची हजेरी वहीत आली. दुसऱ्या कुठल्या कॉलेजाकडे दाखवायला हे असेल? माझं छायाचित्र मी फलकावरून काढलं आहे. तुझं छायाचित्र आमच्याकडे नाही. तुझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

बक्षिसाची ढाल माझ्याकडे आहे. ती तुला पाठवणार नाही, वापरलेली वस्तू देऊ नये. पण पोरांनी एक मागणी केली आहे आणि ती मी फक्त पोचवते. सभा संपल्यावर बावीसही जण थांबले. द्रौपदा म्हणाली, "मॅडम, त्या आल्या नाहीत, तर आपण जाऊ." त्यांना एका शनिवारी शिनोलीला सभा भरवायची आहे, समाजमंदिरात किंवा तू म्हणशील तिथे. निबंध तुझा. विषय तुझा. हरकती ते घेतील, आणि तुला सांगून ठेवते, ही पोरं सोडत नाहीत. सर येतो म्हणाले. सखूबाईंनी विचारलं, गाडी करणार का बसनं जायचं.

मी यायचं की नाही ते तू ठरव. ये म्हणालीस तर काकूंना उत्तर द्यायचं आहे ते तोंडानंच देईन. नको म्हणालीस तर पोरं येतील, इतिवृत्त द्रौपदा लिहील, आणि मी ते पुढच्या शनिवारी इथे बसून ऐकेन.

तुझ्याकडून बावीस विरुद्ध एक मतानं हरलेली, आणि हे आता वर्गात दरवर्षी सांगणारी,

अश्विनी